चौथा भिडू

ऑक्टोबर सरत आला की अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसच्या बागांमधल्या टेनिस कोर्टांवरची नेट उतरवायला सुरुवात होते. दुपारच्या तिरप्या उन्हात दोन माणसं येतात, खांबावरची कळ उलटी फिरवून तार सैल करतात, मधला पट्टा सोडवतात आणि ती बेचाळीस फुटांची जाळी सतरंजीसारखी गुंडाळून गाडीत टाकतात. मागे उरतात दोन खांब आणि पांढऱ्या रेघा. मांडव सोडल्यावर लग्नघराचं अंगण दिसतं तसं ते कोर्ट दिसतं. नेट ठेवून दिली तर भिजलेल्या बर्फाच्या वजनाने तार ताणते आणि खांब आत झुकतात, म्हणून हा खटाटोप.

आपल्याकडे वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की वर्तमानपत्रात फोटो येतो. मिनियापोलिसमध्ये जानेवारीच्या दुपारचं सरासरी कमाल तापमानच शून्याखाली पाच अंशांच्या आसपास असतं. पहाटेचं तर विचारूच नका. त्यामुळे तिथे नव्याने राहायला गेलेल्या, हातात रॅकेट असलेल्या माणसाला प्रश्न पडतो तो निराळाच. कोर्ट कुठे आहे हा नव्हे, कोर्टं गल्लोगल्ली आहेत. कुठल्या छपराखाली, किती वाजता आणि कुणाबरोबर, हा.

काही उत्साही जीव फावड्याने बर्फ सारून खेळू म्हणतात. त्यांना चेंडू ठीक करतो. टेनिसच्या चेंडूची परीक्षा २० अंश सेल्सियसला होते: २५४ सेंटिमीटरवरून सोडला की तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. ही उसळी दोन गोष्टींतून येते, रबरातून आणि आत कोंडलेल्या हवेतून. आतला दाब बाहेरच्यापेक्षा चौरस इंचाला साधारण १२ पौंड जास्त. चेंडू रात्रभर गाडीच्या डिकीत राहिला आणि उणे दहापर्यंत गार झाला, तर हा जास्तीचा दाब पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्तच घटतो. वर रबर कडक होतं ते वेगळंच. मग चेंडू गुडघ्याच्या वर यायला तयार नसतो आणि रॅकेटवर येतो तो बटाटा आल्यासारखा. नवा डबा उघडताना जो ‘फस्स’ आवाज येतो तोही गारठलेल्या डब्यातून मरगळलेला येतो. तेव्हा डबा डिकीत ठेवू नये, घरात ठेवावा. रॅकेटही. गारठलेल्या तारा कडक लागतात आणि मनगटाला झिणझिण्या आणतात.

टेनिस बॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रॅकेट येतच नाही, हीही गंमतच. आपला टेनिस बॉल क्रिकेटचा. लव जाऊन टकला झालेला, एकदा गटारातून आणि दोनदा शेजारच्या काकूंच्या बाल्कनीतून परत आलेला, भिंतीवर आपटून कोरडा करायचा चेंडू. तीनच्या डब्यातून तीन नवे चेंडू काढायचे, एकदा सामना खेळायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा नवा डबा, ही उधळपट्टी मराठी मनाला पटायला वेळ लागतो. पटत नाहीच खरं तर. पण डबा एकदा उघडला की दाब झिरपायला लागतो, आणि लीगच्या सामन्याला उघडलेला डबा घेऊन जाणाऱ्याकडे लोक कसे बघतात ते एकदा अनुभवलं की माणूस मुकाट्याने नवा डबा घेतो.

तर, छप्पर. छपरं दोन प्रकारची. एक पक्कं, गोदामासारखं. दुसरं हवेवर तरंगणारं, ज्याला सगळे बबल म्हणतात. ऑक्टोबरात उघड्या कोर्टांवरच एक प्रचंड कापडी घुमट अंथरतात, कडा जमिनीत जखडतात आणि पंख्याने आत हवा भरत राहतात. आतला दाब बाहेरच्यापेक्षा जरासाच जास्त, पण तेवढ्यावर सगळा डोलारा उभा असतो. म्हणून आत जायला गरगर फिरणारं दार. साधं दार उघडलं तर हवा भसाभस बाहेर धावते आणि माणसालाही सोबत नेते. पंखा थांबून चालत नाही, म्हणून वीज गेली तर जनरेटर. जोराचा बर्फ यायचा असेल तर आतली उष्णता आणि दाब दोन्ही वाढवतात, म्हणजे वर साचलेला बर्फ वितळून घसरतो. हे साधलं नाही तर काय होतं ते मिनियापोलिसकरांना सांगावं लागत नाही. १२ डिसेंबर २०१०च्या पहाटे त्यांच्या मेट्रोडोम स्टेडियमचं हवेवरचं छप्पर सतरा इंच बर्फाखाली फाटलं आणि सगळा बर्फ फुटबॉलच्या मैदानावर धबधब्यासारखा कोसळला.

बबलमध्ये खेळताना दोन गोष्टी आधीच ठाऊक असलेल्या बऱ्या. छप्पर मधोमध उंच आणि कडेला उतरतं, त्यामुळे टोकाच्या कोर्टावर, कोपऱ्यातून जीव वाचवायला मारलेला लॉब, म्हणजे उंच उडवलेला चेंडू, कापडाला लागतो. आणि चेंडू टप्पा पडायच्या आधी छपराला लागला की पॉइंट मारणाऱ्याचा गेला. दुसरं, आवाज. पंख्याची घरघर आणि शेजारच्या कोर्टांवरचे फटके यांत जोडीदाराचं ‘सोड, सोड!’ ऐकूच येत नाही. हाताने खुणा करायची सवय लावून घ्यावी.

छपराखालचं कोर्ट दुर्मीळ, म्हणून वेळ दीड तासाच्या तुकड्यांत विकली जाते. दुपारी चार ते सात मुलांच्या क्लासेसची. संध्याकाळची सोन्याची वेळ जुन्या गिऱ्हाइकांची. नव्याच्या वाट्याला पहाटे सहा किंवा रात्री साडेनऊ. दीड तासात दोन सेट आणि सेट बरोबरीत सुटले तर तिसऱ्याऐवजी दहा पॉइंटांचा टायब्रेक. घंटा वाजली की पुढची मंडळी पिशव्या घेऊन कोर्टाच्या कडेला येऊन उभी राहतात. काही बोलत नाहीत. नुसती उभी राहतात.

लीग शोधायची म्हणजे अमेरिकेत बहुतेकदा यूएसटीए या राष्ट्रीय टेनिस संघटनेपासून सुरुवात. त्या संघटनेचे देशभर सतरा विभाग. मिनेसोटा, दोन्ही डकोटा आणि विस्कॉन्सिनचा वायव्य कोपरा मिळून नॉर्दर्न विभाग होतो. वयाचे गट अठराच्या वर, चाळिशीच्या वर, पंचावन्नच्या वर, आणि मिक्स्ड डबल्स वेगळं. पंचावन्नच्या वरच्यांत सिंगल्सच नसतं, तीन डबल्सवर निकाल. कुठला गट कुठल्या महिन्यांत, हे दर विभागाचं निराळं, त्यामुळे सीझन सुरू झाल्यावर चौकशी केली तर ‘पुढच्या वेळी बघू’ हे ठरलेलं उत्तर. चौकशी ऑगस्टमध्ये करायची, अंगात टी-शर्ट असताना. मृग लागायच्या आधी लाकूडफाटा भरतात, तसं.

मग प्रश्न येतो तुम्ही कितीचे. तिथे भिडू वाटताना दोन कप्तान समोरासमोर उभे राहून ‘हा माझा, तो तुझा’ करत नाहीत. प्रत्येकाच्या कपाळावर एक आकडा असतो. १.० पासून ७.० पर्यंत, अर्ध्या-अर्ध्याच्या पायऱ्या. लीगची खरी वस्ती २.५ ते ५.०, आणि झुंबड ३.० ते ४.० च्या मध्ये. नव्या माणसाने एक प्रश्नावली भरून आपला आकडा आपणच सांगायचा. इथे आपली माणसं हमखास चुकतात, आणि दोन्ही बाजूंनी चुकतात. शाळेत जिल्हा पातळीवर खेळलेला गडी वीस वर्षांनी स्वतःला ४.० म्हणवतो आणि हिवाळाभर ६-१, ६-० ने मार खातो. दुसरा विनयाने २.५ सांगतो. विनय हा तिथे गुन्हा ठरू शकतो. संगणक प्रत्येक सामन्याचा नुसता निकाल बघत नाही, गेम मोजतो. स्वतः आकडा ठरवलेला खेळाडू त्या पातळीच्या फार वर खेळला असं तीनदा आढळलं की तो बाद, आणि टीमही गोत्यात. आकडा म्हणजे अब्रू नव्हे, पण डिसेंबरच्या सुमाराला वर्षअखेरचे आकडे लागतात तेव्हा पन्नाशीचे लोक दहावीच्या निकालासारखे फोन उघडून बसतात.

आकडा ठरवायचा खात्रीचा मार्ग म्हणजे आधी इनडोअर सेंटरवरच्या दोन-तीन ड्रिल क्लासना जाणं. सेंट पॉलजवळ फोर्ट स्नेलिंगला फ्रेड वेल्स सेंटर आहे, मिनियापोलिसमध्ये रीड-स्वेट सेंटर आहे. अशा ठिकाणी महागडं सभासदत्व न घेताही खेळता येतं. तिथला प्रशिक्षक दहा मिनिटं व्हॉली (टप्पा पडायच्या आधीच मारलेला फटका) आणि दुसरी सर्व्हिस बघून आकडा सांगतो, आणि बहुधा बरोबर सांगतो. शिवाय कुठल्या टीमला माणूस हवाय हेही त्यालाच ठाऊक असतं. अठराच्या वरच्या गटात बहुतेक पातळ्यांवर दोन सिंगल्स आणि तीन डबल्स, म्हणजे एका वेळी आठ माणसं लागतात. कुणाची पोरं आजारी, कुणाचा गुडघा, कुणी डिसेंबरात भारतात, म्हणून कप्तान बारा-पंधरा नावं नोंदवून ठेवतो. त्याला निरोप पाठवताना लांबण नको. आकडा, कुठले वार मोकळे, डाव्या बाजूने खेळता की उजव्या, आणि आयत्या वेळी बोलावलं तर याल का. शेवटचं उत्तर ‘हो’ असेल तर आकड्याकडे कुणी फार बघत नाही. ‘मी कुठल्याही बाजूने खेळतो’ असं मात्र लिहू नये. असं म्हणणारा दोन्ही बाजूंना वाईट खेळतो, असा माझा एक पूर्वग्रह आहे आणि तो सोडायचा माझा विचार नाही.

पण लीगचे सामने सीझनमध्ये आठ-दहा. हिवाळा त्याहून फार मोठा. तो ज्याच्यावर निघतो ती गोष्ट म्हणजे ठरलेलं कोर्ट: सप्टेंबरात चौघांनी मिळून एक वार, एक वेळ पकडायची आणि मे महिन्यापर्यंतचे पैसे मोजायचे. समजा ताशी ४० डॉलर, दीड तास, बत्तीस आठवडे. झाले १,९२० डॉलर. चौघांत ४८० येतात. पाच जण घेतले तर प्रत्येकी ३८४ आणि दर पाचव्या आठवड्याला सुट्टी. पाच हा आकडा सगळ्यांत बरा. सहा घेतले की ३२० वर येतं खरं, पण मग येण्याची जबाबदारी कुणालाच आपली वाटत नाही. वर्षाचा तक्ता आधीच करून सगळ्यांना द्यावा, आणि नियम एकच ठेवावा: ज्याला जमणार नाही त्याने बदली माणूस स्वतः शोधायचा, नाही मिळाला तरी त्याचे पैसे माफ नाहीत. हा नियम ज्यांनी भिडेखातर ठेवला नाही त्यांचे ग्रुप नाताळात मोडतात.

मोडतात ते चौथ्यामुळे. तीन असतातच. तीन नेहमीच असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत जेवणं झाली, मोठी माणसं लवंडली, माजघरात पंख्याखाली तिघं पत्ते पिसत बसलीयेत आणि मेंढीकोटाला चौथा भिडू मिळत नाहीये, हे चित्र कुठल्या घरात नव्हतं? समोरच्या बिल्डिंगमध्ये हाका मारून यायचं. तो झोपलेला. त्याची आई हातानेच ‘नाही’ म्हणायची. मग आजीला उठवायचं, ती डोळे चोळत यायची आणि पहिल्याच हाताला हुकूम बोलून दोन मेंढ्या उचलायची. आजीही नाही म्हणाली की पाच-तीन-दोन. बबलमधलं पाच-तीन-दोन म्हणजे कॅनेडियन डबल्स: एकीकडे दोघं, दुसरीकडे एकटा, एकट्याने दोघांच्या डबल्सच्या रेघांत मारायचं आणि दोघांनी त्याच्या सिंगल्सच्या. खेळ होतो. घामही येतो. पण दर गेमनंतर तिघांपैकी कुणीतरी त्या फिरत्या दाराकडे बघतो.

छप्परच नको असणारेही लोक आहेत, त्यांचा उल्लेख करायला हवा. १९२८ साली न्यूयॉर्कजवळ स्कार्सडेलमध्ये कॉग्सवेल आणि ब्लँचर्ड या दोघांनी हिवाळ्यात बाहेर खेळता यावं म्हणून लाकडी ओटा बांधला आणि त्यातून प्लॅटफॉर्म टेनिस निघालं. कोर्ट ४४ बाय २० फुटांचं, भोवती बारा फूट उंच तारेची जाळी, त्या जाळीवरून परत आलेला चेंडूही मारायचा, सर्व्हिस एकच. आता ओटे अ‍ॅल्युमिनियमचे असतात आणि खालून हीटर लावून बर्फ वितळवतात. शिकागोच्या उपनगरांत याचं वेड मोठं. शेजारी शेगडीची खोली असते आणि, खरं सांगायचं तर, बराचसा खेळ त्या खोलीतच होतो.

बाकी मग किरकोळ. रस्त्यावर टाकलेलं मीठ बुटांच्या तळव्याला चिकटून येतं आणि कोर्टावर खडे पसरवतं, म्हणून टेनिसचे बूट पिशवीत न्यायचे आणि आत गेल्यावर घालायचे. चष्मा दारातच धुरकटतो. पुसू नये, तीन-चार मिनिटांत आपोआप निवळतो. खेळून झाल्यावर घामेजलेल्या शर्टावर नुसतं जॅकेट चढवून गाडीपर्यंत पळायचा मोह होतो. तो पुढच्या दोन सामन्यांना महागात पडतो.

आणि हवामान खात्याने रात्री आठ इंच बर्फ सांगितलेला असतो. साडेनऊची वेळ. चौघांच्या ग्रुपवर कुणीतरी जपून विचारतो, आज ठेवायचं का. बबल चालू आहे, त्यामुळे पैसे परत नाहीत. पाचेक मिनिटं कुणी काही लिहीत नाही. मग चौथ्याचं येतं: निघालोय.

आता तो निघालाय म्हटल्यावर जायलाच हवं. पैसे भरलेत ना.