शस्त्रक्रियेआधी यकृताच्या गाठीची कड वाचताना

यकृतातली कर्करोगाची गाठ किती मोठी, हे एमआरआयवर लगेच मोजता येतं. ती किती आक्रमक आहे याचा मात्र माग काढावा लागतो. आमचा रोख असतो मायक्रोव्हॅस्क्युलर इन्व्हेजनवर, म्हणजे गाठीलगतच्या बारीक रक्तवाहिन्यांत शिरलेल्या कर्कपेशींवर. त्या दिसतात फक्त सूक्ष्मदर्शकाखाली, तेही गाठ काढल्यावर. बायॉप्सीची सुई बहुतेकदा गाठीच्या आतला तुकडा आणते आणि या पेशी असतात कडेला, त्यामुळे तिथेही हाती फारसं लागत नाही.

फाइल आली की मी आधी रक्ताचे रिपोर्ट बघतो. एएफपी आणि पिव्हका-टू (यकृताच्या कर्करोगात रक्तात वाढणारी दोन प्रथिनं) दोन्ही चढलेले असतील तर संशय बळावतो. पण हिपॅटायटिस उफाळला की एएफपी तसाही वाढतो आणि रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर पिव्हका-टू. औषधांची यादी पाहिल्याशिवाय या आकड्यांवर भिस्त ठेवू नये.

खरं काम स्कॅनचं. चित्र उजळवण्यासाठी शिरेतून देतात ते, यकृताच्या पेशी शोषून घेतात असं औषध म्हणजे गॅडॉक्सेटेट. त्याचा डोस किलोमागे ०.१ मिलि, म्हणजे ७० किलोच्या रुग्णाला जेमतेम ७ मिलि. एवढ्याशा औषधात धमनीची फेज, म्हणजे औषध धमनीतून यकृतात पोचतं तो थोडा वेळ, निसटायला वेळ लागत नाही. शिवाय काहींचा श्वास नेमका तेव्हाच अडखळतो आणि चित्र हलतं. म्हणून आम्ही ते सेकंदाला १ मिलि या संथ वेगाने सोडतो. फेज साधली का, हे ओळखायची खूण सोपी आहे: यकृतात रक्त आणणारी पोर्टल व्हेन थोडी उजळलेली हवी, यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या हिपॅटिक व्हेन अजून काळ्या हव्यात. त्याही उजळल्या असतील तर वेळ टळली.

मग कड. आडव्या छेदात गुळगुळीत वाटलेली गाठ उभ्या छेदात बाहेर फुगलेली निघते, म्हणून तिन्ही दिशांनी बघायलाच हवं. धमनीच्या फेजमध्ये कडेला रुंद चिकटलेली, चंद्रकोरीसारखी उजळ पट्टी नंतरच्या फेजमध्ये भोवतालात मिसळून गेली, तर ती मी गांभीर्याने घेतो. पाचरीच्या आकाराचा उजळ भाग मात्र पुष्कळदा नुसता शंट असतो, म्हणजे धमनीचं रक्त आडवाटेने शिरेत गेलेलं असतं. इथे फसगत फार होते. २० मिनिटांनंतरच्या फेजमध्ये गाठीबाहेर काळपट झालर दिसली तर संशय आणखी पक्का. बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पित्ताचं रंगद्रव्य) बरंच वाढलेलं असेल तर अख्खं यकृतच औषध नीट घेत नाही, मग या झालरीला अर्थ उरत नाही.

संगणकाची रेडिओमिक्स मॉडेलं, म्हणजे स्कॅनमधले बारकावे आकड्यांत मोजून अंदाज बांधणारी, मदत करतात, पण मशीन बदललं किंवा गाठीची रेघ दुसऱ्याने आखली की उत्तर सरकतं. रिपोर्टात मी ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं लिहीत नाही. शक्यता आणि गाठीची नेमकी बाजू लिहितो. सर्जनला त्याच बाजूला १ सेंमी किंवा जास्त निरोगी भाग घ्यायचा असतो, आणि सिरॉसिसमध्ये (यकृत आधीच कडक, निकामी होत असताना) तेवढं यकृत गमावणं परवडेल का हेही तोलायचं असतं. पॅथॉलॉजीलाही तीच बाजू कळवतो: १२, ३, ६, ९ वाजताच्या जागांवरून कडेचे तुकडे घेतातच, संशयाच्या जागेवरून एक जादा घ्यावा.