आमची वाटचाल : केळीच्या खोडापासून सुतापर्यंत

केळीचं खोड एकदाच घड देतं. घड उतरला की ते नकोसं होतं. रावेर-यावलकडे बांधावर सडताना दिसतं. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते फळाला. खोडाचा धंदा आम्ही धरला.

सुरुवात दोरी-चटईच्या जाड धाग्याने झाली. खोडाच्या पट्ट्या यंत्रात घालायच्या, गर निघाला की धागा उन्हात वाळवायचा. त्याला रसायन लागत नाही आणि लावूही नये. सुताचं तसं नाही. पेक्टिन, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन, म्हणजे धाग्याला चिकटवून कडक ठेवणारे पदार्थ, निघाल्याशिवाय धागा मऊ पडत नाही. त्यासाठी आम्हीही कॉस्टिक सोड्यात उकळायचो. धागा झकास निघायचा, पण मागे तपकिरी, खारट पाणी उरायचं. मोठ्या कागद कारखान्यांना ते आटवून, जाळून सोडा परत मिळवणं परवडतं. आमच्या शेडला कसं परवडणार?

इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठात अँड्र्यू अ‍ॅबट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली एक गंमत दाखवली होती. कोलीन क्लोराइड ३०२ अंशांना वितळतं, युरिया १३३ अंशांना. एकास दोन रेणू या प्रमाणात मिसळले की मिश्रण १२ अंशांनाच पातळ होतं! युरियाऐवजी लॅक्टिक आम्ल घेतलं की असंच मिश्रण लिग्निन विरघळवतं, सेल्युलोजला, म्हणजे खुद्द धाग्याला, मात्र फारसं शिवत नाही. कोलीन क्लोराइड म्हणजे कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तेच. लॅक्टिक आम्ल साखर आंबवून बनतं.

कॉस्टिक सोडून आम्ही हेच द्रावण धरलं. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात हे द्रावण काकवीसारखं दाट. तापवल्याशिवाय धाग्यात शिरत नाही. क्लोराइड आणि आम्ल एकत्र आले की स्टील खातात, म्हणून काचेच्या अस्तराचं भांडं घ्यावं लागलं. फार वेळ तापवलं तर आम्ल कोलीनशी जुळतं आणि द्रावणाचा जोर उतरतो.

खरा हिशेब धुण्यात आहे. पाणी घातलं की लिग्निन खाली बसतं, गाळता येतं. पण तेच पाणी उडवल्याशिवाय द्रावण पुन्हा वापरता येत नाही. त्यासाठी बॉयलरमध्ये लाकडं जाळायची आणि वर मालाला ‘पर्यावरणपूरक’ म्हणायचं, हे मला पटत नाही. म्हणून ताजं पाणी फक्त शेवटच्या धुण्याला. त्याआधीची धुणी मागच्या खेपेच्या पाण्यात. पाणी उडवण्याचं निम्मंअधिक काम खानदेशचं ऊन करतं, उथळ हौदात. पावसाळ्यात उलट द्रावणच हवेतला ओलावा ओढतं. त्यामुळे सुताच्या धाग्याच्या ऑर्डरी आम्ही फेब्रुवारी ते मे एवढ्याच घेतो. बाकी वर्षभर दोरी-चटई.