चिठ्ठीवर 'मस्ती' लिहू नका

सकारात्मक वर्तनाचा कार्यक्रम, म्हणजे अमेरिकेतून आलेलं ते पीबीआयएस, आपल्या सोलापुरातल्या मराठी शाळेत राबवायचं म्हटलं की सगळे आधी फलक रंगवायला घेतात. फलक होतात. गाडी अडते ती घटना-चिठ्ठीपाशी, म्हणजे मूल चुकीचं वागलं की शिक्षकाने भरायच्या नोंदीपाशी, आणि माझा अजून न गेलेला वैतागही तिथलाच आहे.

बाकीचं आधी उरकते. किमान ८० टक्के शिक्षकांचा होकार असल्याशिवाय सुरुवात नको. नाहीतर एका वर्गात शाबासकी आणि शेजारच्या वर्गात छडी. वागण्याच्या अपेक्षा तीनच ठेवा, पाचाच्या वर तर नाहीच, आणि काय करायचं ते सांगा: 'पळू नये' नाही, 'जिन्यावर डावीकडून, चालत'. मग तक्ता: एकीकडे अपेक्षा, दुसरीकडे वर्ग, जिना, पाण्याची टाकी, पोषण आहाराची पंगत, स्वच्छतागृह, मैदान, गेट. शिकवायचं त्या त्या ठिकाणी नेऊन. चुकीचं कसं दिसतं ते शिक्षकानेच करून दाखवावं, मुलांकडून चुकीचा सराव करून घेऊ नये. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या लहान मुलांसाठी फलकावर चित्र हवंच. जूनमध्ये शिकवलेलं दिवाळीच्या सुट्टीत विरतं, जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पुन्हा. दोन्हींनंतर उजळणी धरा.

आता चिठ्ठी. ए-फोर कागदाचे चार भाग केले की चार चिठ्ठ्या. नाव-तुकडी, तारीख, तास, ठिकाण, काय घडलं, सोबत कोण होतं, त्यातून मुलाला काय मिळालं किंवा काय टळलं, पुढे काय केलं, एवढंच. नावं-तारीख सोडून बाकी सगळं खुणा करून मिनिटाच्या आत भरता यावं. मोकळी ओळ ठेवली की तिथे 'मस्ती केली' येतंच. गठ्ठेच्या गठ्ठे 'मस्ती', 'उद्धटपणा', 'नेहमीचंच' म्हणून येतात. ठिकाण कोरं, तास कोरा. अशा चिठ्ठीवरून कुणाला समज द्यायची तेवढं कळतं, आणि ते सगळ्यांना आधीच माहीत असतं.

यासाठी व्याख्या लिहून काढाव्या लागतात. बैठकीत खडाजंगी होते, होऊ द्या. गृहपाठ नाही, मधेच बोलला, पेन ओढलं: वर्गातच मिटवायचं. मारहाण, धमकी, चोरी, शाळेतून पळून जाणं: मुख्याध्यापकांकडे. भांडण होतं ते मधल्या गोष्टींवरून. मित्राला 'काय बे' म्हणणं सोलापुरात नोंदीचा विषय नाही. बाहेरगावाहून आलेल्या सरांना तो वाटतो, आणि एकाच तुकडीच्या चिठ्ठ्या उगाच फुगतात. लैंगिक छळाचा संशय मात्र चिठ्ठीत अडकवायचा नाही. पोक्सो कायद्याने तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

एवढं करूनही चिठ्ठ्या बंद पडतात, आणि बंद पाडणारे वरचे असतात. वर्गवार बेरीज सूचनाफलकावर लागली, 'तुमच्याच वर्गात एवढ्या कशा?' असं विचारलं गेलं, की त्या वर्गातून चिठ्ठी येणं थांबलंच. पालकांची सही सक्तीची केली की चिठ्ठी हीच शिक्षा होते: घरी मार बसेल म्हणून मवाळ बाई लिहीत नाहीत, कडक सर दम द्यायला वापरतात. 'दिलेली शिक्षा' असा रकाना छापून आणणारेही भेटले. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींवर बंदी आहे, आणि आपण उठाबशांचा लेखी पुरावा तयार करायचा! मग चिठ्ठ्या घटतात, अहवालात 'शिस्तीत लक्षणीय सुधारणा' लिहिलं जातं, टाकीपाशी ढकलाढकली तशीच.

म्हणून चिठ्ठ्या कार्यक्रम चालवणाऱ्या चार-पाच जणांच्या गटाबाहेर जाऊ देऊ नका. बाहेर दाखवायची ती सगळ्या शाळेची बेरीज. महिन्याचा आकडा कामाच्या दिवसांनी भागा, नाहीतर दिवाळीच्या महिन्यात शाळा दरवर्षी सुधारलेली दिसते. मग ठिकाण आणि तास पाहा. मधल्या सुट्टीतल्या चिठ्ठ्या टाकीपाशी साचल्या असतील तर पोरांना बोलवण्याआधी तोट्या तपासा. ओळीत सहा तोट्या, धार दोनांनाच, बाकीच्यांना चिंध्या बांधलेल्या, आणि अख्खी शाळा एकदम सुटलेली, ढकलाढकली होणारच. तोट्या बदला, सुट्टी दोन टप्प्यांत सोडा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा टाकी अर्धी असलेल्या दिवसांच्या चिठ्ठ्याही वेगळ्या काढून बघा.

पहिली पातळी म्हणजे सगळ्यांना शिकवायचं ते. वर्षात २ ते ५ चिठ्ठ्या झालेलं मूल दुसऱ्या पातळीवर, म्हणजे त्याला जास्तीचा आधार, ६ झाल्या की तिसऱ्या, म्हणजे त्याच्यापुरता वेगळा आराखडा, असा ढोबळ हिशेब. दुसऱ्या पातळीला रोजचं कार्ड: परिपाठाआधी भेट, दर तासाला तीन अपेक्षांचे ०, १ किंवा २ गुण, सुटताना बेरीज. सात तासांचे ४२ होतात. लक्ष्य ८० टक्के, म्हणजे ३४. उन्हाळ्यात सकाळची शाळा लागून तास पाचच राहिले तर जास्तीत जास्त ३०, लक्ष्य २४. जुनंच कार्ड चालू ठेवलं तर मुलाने काहीही केलं तरी ३४ गाठता येत नाहीत, आणि चार दिवसांत ते कार्ड दप्तरात चुरगळलेलं सापडतं. लक्ष वेधणाऱ्या मुलाला कार्ड लागू पडतं. वाचता येत नाही म्हणून तास टाळणाऱ्याला आधी वाचायला शिकवा.

चांगलं वागल्याबद्दल मुलांना द्यायच्या कूपनांचं राहिलंच. दिलेलं कूपन परत काढून घ्यायचं नाही, आणि देताना कशासाठी ते सांगायचं. नुसतं 'गुड' नको. एक चूक दाखवली तर चार चांगल्या गोष्टी दाखवाव्यात. बक्षीस म्हणून घंटा वाजवायला देणं किंवा खेळाच्या तासाला खेळ निवडू देणं चालतं, चॉकलेटचे पैसे गणपतीपर्यंतही पुरत नाहीत.

चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा शिपाईमामांकडे आणि एक खिचडी वाढणाऱ्या ताईंकडे ठेवा. गेट आणि पंगत त्यांच्याच डोळ्यांसमोर असते. त्यांनी तोंडी सांगितलं तरी चालेल, फक्त लिहून घेणारा शिक्षक आधीच ठरलेला असू द्या.