दुपारची माडी

रेड वाइन ‘रूम टेम्परेचर’ला प्यावी असं सांगणाऱ्यांनी मे महिन्यातली आमची रूम पाहिलेली नसते. युरोपातल्या जुन्या दगडी घरांत रूम म्हणजे १६-१७ अंश. आमच्याकडे पंखा पाचावर ठेवूनही ३२, वर घामाची चिकचिक वेगळी. अशात लाकडी पिंपात मुरलेली जाडजूड रेड म्हणजे सर्दीवरचा काढाच. म्हणून उन्हाळा लागला की मी नॅचरल वाइनकडे वळतो. हलकी, आंबटसर, थोडी गढूळ आणि गार करून प्यायची.

नॅचरल म्हणजे ढोबळमानाने असं, की द्राक्षांवर रासायनिक फवारे मारायचे नाहीत आणि विकतचं यीस्ट घालायचं नाही. द्राक्षाच्या सालीवर आणि तळघराच्या हवेत जे यीस्ट असतं तेच रस आंबवतं. गाळायचं नाही. वाइन टिकावी म्हणून घालतात ते सल्फाइट एक तर नाहीच, नाही तर नावापुरतं. फ्रान्समध्ये २०२० साली यासाठी एक लेबल मान्य झालं, त्यात सल्फाइटला लिटरमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. या सगळ्या खटाटोपाचा मूळपुरुष मानतात तो तिथल्याच बोजोले भागातला ज्यूल शोव्हे, आणि तो होता रसायनशास्त्रज्ञ! तिथली गामे द्राक्षाची रेड १२-१३ अंशांवर प्यायची, म्हणजे फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवली की झालं. मुंबईत त्याहूनही कमी वेळ पुरतो.

पण उन्हाळ्याची खरी राणी पेत-नात, म्हणजे एक फेसाळ वाइन. रस पुरता आंबायच्या आधीच बाटलीत भरायचा. उरलेली साखर यीस्ट आतच खातं आणि त्याचा वायू कोंडून राहतो. शॅम्पेनला बाटलीत दुसऱ्यांदा आंबवतात, इथे पहिलंच आंबवणं बाटलीत पुरं होतं. वर कॉर्क नाही, थम्स अपच्या बाटलीला असतं तसं पत्र्याचं झाकण. तळाशी यीस्टचा साका. चांगली गार केल्याशिवाय आणि बेसिनपाशी नेल्याशिवाय उघडू नये, भिंत रंगते.

अशीच एक बाटली आमच्या केळव्याच्या मामांपुढे ठेवली. मामांनी ग्लास उजेडात धरला, वास घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाले, “अरे, ही तर दुपारची माडी!”

निदान अचूक होतं. माडाची पोय, म्हणजे फुलोरा, छाटून मडकं बांधलं की रात्रभर रस ठिबकतो आणि मडक्यातच, कुणी काही न घालता, आंबायला लागतो. सकाळी गोड, दुपारी फेसाळ आणि आंबूस, दुसऱ्या दिवशी शिरक्याच्या वाटेवर. वसईकडे सांदणांचं पीठ पूर्वी याच माडीने फुगवत. नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावायचा, म्हणजे आंबणं रोखलं जातं. चुन्याचं जे काम तेच वाइनमध्ये सल्फाइटचं. एकदा ते काढून घेतलं की पेय जिवंत राहतं, आणि जिवंत वस्तू ऊन सोसत नाही.

गोची इथेच आहे. उन्हाळ्यात जी प्यावीशी वाटते तिलाच उन्हाळा बाधतो. माडी केळव्याहून दादरला येईतो बदलते. ही बाटली तर समुद्र ओलांडून येते, जबर आयात कर भरते आणि शेवटच्या टप्प्यावर टेम्पोत तापते. मग कधी नेलपॉलिशचा वास, कधी जिभेच्या मागे उंदीर मेल्यासारखी चव. शौकीन त्याला ‘कॅरॅक्टर’ म्हणतात. मला पटत नाही. बिघडली ती बिघडली. म्हणून एसी दुकानातूनच, तेही संध्याकाळी घ्यावी आणि घरी आल्यावर शोकेसमध्ये मिरवायला न ठेवता थेट फ्रिजमध्ये टाकावी. पाहुणे दारात असतील तर पातेल्यात बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ. नुसत्या बर्फापेक्षा बाटली खूप लवकर गार होते. ग्लासात बर्फ टाकायला जाणकार नाक मुरडतात, पण व्हिएन्नात व्हाइट वाइनमध्ये सोडा घालून उन्हाळाभर पितात आणि कुणाला काही वाटत नाही.

नॅचरल परवडली नाही तर नाशिकची शेनिन ब्लां ही व्हाइट वाइन आहेच. ती नॅचरल नसते, पण तिचं वेळापत्रक आपल्या सोयीचं आहे. युरोपात द्राक्षतोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, नाशिकला जानेवारी ते मार्च. पावसाळ्यात तयार द्राक्षं वेलीवर ठेवून चालणारच नाही. त्यामुळे त्याच वर्षी आंबवलेली नवी व्हाइट ऐन उकाड्याच्या सुमारास बाजारात यायला लागते, जेव्हा पॅरिसवाले अजून मागच्या शरदातली पीत असतात.

सोबत रव्यात घोळवलेले ओले बोंबील हवेत. १ जूनपासून मासेमारी बंद, म्हणजे मे संपायच्या आत उरकायला हवं. नंतर सुकट, आणि सुकटीला ऑरेंज वाइन. पांढरी द्राक्षं सालींसकट आंबवलेली, जॉर्जिया देशात मातीच्या रांजणांत करतात तशी. सालींमुळे तिला चहासारखा तुरटपणा येतो, लसणाच्या फोडणीपुढे ती मार खात नाही. मामांना ही जास्त आवडली. किंमत मात्र त्यांनी तीनदा विचारली, आणि तिन्ही वेळा मी त्यांच्या ताटात बोंबील वाढले.