तुझी वांगी सुकतायत रे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खरं तर तुम्ही धड विचारतही नाही. आधी माझ्या फोनकडे बघता, मग माझ्याकडे, आणि मग म्हणता, ‘‘तू? तू खेळतेस हे?’’ सगळा जोर पहिल्या ‘तू’वर. भाषांतरं करणारी, चार लोकांत नीट बोलणारी, दुसऱ्यांनी वेळ वाया घालवला की टोमणे मारणारी बाई रंगीत गोळ्या तीन-तीनच्या ओळीत लावत बसते, हे तुमच्या गळी उतरत नाही. आजवर मी तीन उत्तरं दिली आहेत: डोकं शांत होतं, प्रवासात वेळ जातो, सगळेच खेळतात. तिन्ही खोटी. डोकं मुळीच शांत होत नाही. या गोळ्यांच्या खेळाच्या, म्हणजे कँडी क्रशच्या, ६५व्या लेव्हलवर ज्यांनी आठवडे काढलेत त्यांना विचारा. प्रवासात मी झोपते. आणि सगळे खेळत असते तर तुम्ही विचारलंच नसतं.

चौथं उत्तर बाबांशी जोडलेलं आहे, म्हणून ते इतकी वर्षं राहिलं. त्यांची परवानगी घ्यायला हवी होती. ती मी अजूनही मागितलेली नाही.

त्याआधी एक. ‘‘अगं, ते मुद्दाम तसंच बनवलेलं असतं,’’ हे मला समजावू नका. ठाऊक आहे. हल्ली कुणीही उठतं आणि मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं नाव घेतं, जणू तो पोरांना बिघडवणारा गल्लीतला कुणी वाह्यात मुलगा आहे. कँडी क्रशमध्ये पाच लाइफ, म्हणजे हरायच्या पाच संधी, मिळतात. एक गेली की भरून यायला अर्धा तास. तेवढं थांबा, नाहीतर पैसे मोजा, नाहीतर ओळखीच्यांकडे मागा. तिसरा रस्ता आपल्याला फुकट वाटतो, पण कंपनीला तोच जास्त लाडका, कारण मागणारा प्रत्येक माणूस तिचा बिनपगारी विक्रेता होतो. फेसबुकवरून येणाऱ्या या मागण्यांनी लोक इतके कातावले होते की २०१५च्या ऑक्टोबरात फेसबुकचे मार्क झुकरबर्ग आयआयटी दिल्लीत प्रश्नोत्तरांना बसले, तेव्हा इंटरनेटचं भवितव्य वगैरे राहिलं बाजूला, ‘कँडी क्रशच्या रिक्वेस्ट थांबवायच्या कशा’ हा प्रश्न मतं घेऊन वर आला होता. त्या रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांत मीही होते. माफ करा.

इयन बोगोस्ट नावाच्या एका प्राध्यापकानं २०१० साली फेसबुकवर या सगळ्या प्रकाराची टिंगल करणारा खेळ काढला, ‘काऊ क्लिकर’. एक गाय. तिच्यावर क्लिक करायचं. पुन्हा क्लिक करायला सहा तास थांबायचं. मित्रांच्या गायी आपल्या कुरणात आणून बांधायच्या. बस. लोकांना लाज वाटावी म्हणून बनवलेला हा खेळ हजारो लोक मनापासून खेळू लागले. वैतागून त्यानं २०११मध्ये सगळ्या गायी अदृश्य करून टाकल्या. तरी गाय जिथे होती त्या रिकाम्या जागेवर क्लिक करणारे उरलेच. ही गोष्ट मला माझ्या विरुद्ध पुरावा म्हणून निदान चार जणांनी ऐकवली आहे. मी तेव्हा भांडायचे की ते लोक मूर्ख नव्हते, त्यांनाही विनोद कळला होता. आता तसं भांडत नाही. त्यांना विनोद कळला होता की नाही, याला आता मला तितकं महत्त्व वाटत नाही. कुरणात दुसऱ्याच्या गायी होत्या, याला वाटतं.

आता फार्मव्हिल, स्क्रीनवरच्या शेतीचा खेळ. जून २००९मध्ये झिंगा कंपनीनं तो फेसबुकवर आणला, आणि वर्षाच्या आतच महिन्याला ८ कोटींहून जास्त लोक त्यात नांगरत होते. मी त्यातली एक. स्ट्रॉबेरी चार तासांत तयार व्हायची, भोपळा आठ तासांत, वांगी दोन दिवसांनी, गहू तीन दिवसांनी. वेळेवर काढलं नाही तर पीक सुकून तपकिरी व्हायचं आणि बियाण्याचा पैसा बुडायचा. म्हणजे पेरताना आपण पीक निवडत नव्हतो, परत यायची वेळ निवडत होतो. काम अंगावर असलं की मी वांगी लावायचे. रिकामी असले की स्ट्रॉबेरी, आणि मग रिकामी राहायचे नाही. माझ्या त्या वर्षाच्या दिवसांचा हिशोब डायरीपेक्षा त्या शेतात जास्त खरा सापडला असता.

पण शेत वाढवायचं तर नाणी पुरत नसत, ठरावीक संख्येनं शेजारी लागत. शेजारी म्हणजे तोच खेळ खेळणारे आपले फेसबुकवरचे लोक. शेजारी नसतील तर खरे पैसे. मी तत्त्वाची, खेळाला पैसे देणार नाही म्हणजे नाही. माझी ओळखीची मंडळी मात्र तुमच्यासारखी, नाक मुरडणारी. पाच-सहा शेजारी कमी पडत होते. मग मी जे केलं ते तेव्हा अनेक जण करत होते (हे समर्थन आहे, कळतंय मला): खोटी अकाउंटं काढली. दोन काल्पनिक नावांनी. तिसऱ्यासाठी नाव सुचेना, तेव्हा बाबांचं टाकलं. बाबा तेव्हा कंप्युटरला हात लावत नसत. त्यांचा एक जुना फोटो स्कॅन केलेला होता, तो लावला. जन्मसाल खरं, शाळा खरी. आठवड्याभरात ‘बाबां’चं छोटं शेत उभं राहिलं आणि माझं मोठं झालं.

शाळा खरी टाकल्यामुळे तीन आठवड्यांनी एक रिक्वेस्ट आली. बाबांचे मित्र. मी लहान असताना आमच्या घरात त्यांचा आवाज बाबांच्या आवाजाइतकाच असायचा. मग दोघांनी मिळून जमिनीचा एक तुकडा घ्यायचं ठरलं, ते फिसकटलं, का आणि कुणामुळे ते मला कुणी सांगितलं नाही, आणि काका यायचे बंद झाले. अकरा वर्षं झाली होती. त्यांचं नाव घरात कुणी घेतलं तर बाबा वर्तमानपत्राचं पान उलटायचे.

मी ती रिक्वेस्ट बघितली आणि पहिला विचार काय आला ते सांगते: हे फार्मव्हिल खेळतात का? खेळत होते. मी होकार दिला. एक शेजारी वाढला.

दुसऱ्या दिवसापासून काका रोज येऊ लागले. शेजाऱ्याच्या शेतात जाऊन त्याच्या थोड्या वाफ्यांना खत घालता यायचं. खत घातलेलं पीक चमचमायचं आणि मालकाला दिसायचं की कोण येऊन गेलं. मी बाबांचं अकाउंट उघडायचे, वाफे चमकत असायचे. सकाळी साडेपाच, पावणेसहा, अशा वेळा. मग मीही ‘बाबां’कडून त्यांच्या शेतात जाऊन खत घालून यायचे. एखादं झाड भेट पाठवायचे. मेंढी पाठवायचे. हे सगळं फुकट होतं, एका क्लिकवर होत होतं, आणि त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं, कारण कुणी काही बोलत नव्हतं.

मग काका बोलले. मेसेज आला: ‘काय रे, शेवटी जमीन घेतलीस एकदाची!’

तो मी किती वेळा वाचला कुणास ठाऊक. आत्ताही पाठ आहे. इथे तरी थांबायला हवं होतं, अकाउंट बंद करायला हवं होतं, काकांना फोन करून सांगायला हवं होतं. मी उत्तर लिहिलं, ‘हो रे.’ त्यातल्या ‘रे’वर पाच मिनिटं घालवली. बाबा त्यांना ‘रे’ म्हणायचे की ‘लेका’, ते आठवत होते. माझ्याहून तीस वर्षांनी मोठ्या माणसाला बाबांच्या तोंडून ‘अरे-तुरे’ करताना बोटं थरथरली, असं सांगितलं तर बरं दिसेल. थरथरली नाहीत. मजा वाटली.

चार महिने हे चाललं. मेसेज फारसे नाहीत, नुसतं खत. मग दोघांच्याही एका जुन्या सोबत्याचा निवृत्तीचा समारंभ आला. बाबा जाणार नव्हते, आईनं ओढून नेलं. मीही होते. काका हॉलच्या दुसऱ्या टोकाला. त्यांनी बाबांना पाहिलं आणि सरळ गर्दीतून वाट काढत आले, लांबूनच हसत. त्या आठवड्यात मी एका कामात बुडाले होते आणि बाबांचं अकाउंट पाच-सहा दिवस उघडलंच नव्हतं. काकांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘तुझी वांगी सुकतायत रे. लक्ष कुठे आहे?’’

बाबांचा चेहरा मी बघितला. अकरा वर्षांनी समोर आलेला मित्र आपल्याला भर गर्दीत, काहीतरी जमिनीवरून, काहीतरी शेतीवरून चिडवतो आहे, एवढंच त्यांना कळलं. ते खांदा मागे घेऊन म्हणाले, ‘‘असली थट्टा मला चालत नाही.’’ काकांचा हात तसाच हवेत राहिला. ते म्हणाले, ‘‘अरे, रोज तर...’’ आणि गप्प झाले. बाबा तोवर पाठ फिरवून चालू लागले होते.

मी तीन पावलांवर उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. ‘काका, ती मी होते.’ मी नाही बोलले.

त्या रात्री बाबांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. मेसेज वाचून दाखवायला लावले, दोन्ही बाजूंचे. ‘हो रे’ ऐकल्यावर म्हणाले, ‘‘मी त्याला ‘रे’ म्हणत नव्हतो.’’ मग दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता त्यांनी विचारलं, ‘‘रोज यायचा?’’

‘‘रोज.’’

‘‘किती वाजता?’’

‘‘साडेपाच, पावणेसहा. पहाटे.’’

‘‘हं. त्याला आधीपासूनच पहाटे उठायची सवय,’’ असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

फोन त्यांनी केला नाही. मी काकांना माफीचं लांबलचक पत्र लिहिलं, पाठवलं. उत्तर आलं नाही. काही दिवसांनी बाबांच्या अकाउंटवरून ते नाव गेलं. आणि ते गेल्याचं लक्षात आल्यावर मी आधी काय केलं असेल? शेजारी किती उरले ते मोजलं. हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, तेव्हा कृपा करून यावर ‘किती प्रामाणिक’ वगैरे म्हणू नका.

आता तुमचा प्रश्न. काय मिळतं? माझं म्हणणं असं की दोन माणसांना एकमेकांशी बोलता येत नसतं, तरी ‘मी आहे, तूही आहेस ना’ एवढं कळवायचं असतं, आणि त्यासाठी मोठ्यांच्या जगात काही सोय नाही. फोन केला की कारण द्यावं लागतं. पत्राला मजकूर लागतो. खत घालायला काहीच लागत नाही. अकरा वर्षं जे दोघांना जमलं नाही ते वांग्याच्या वाफ्यात चार महिने चाललं होतं.

पण हे लिहितानाच माझ्यातली ती २०१०ची बाई हसते. म्हणते, चाललं कुठे होतं? एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला तू. बाबा त्यात नव्हतेच. शिवाय काकांचं शेत मी पाहिलं होतं, त्यांचे चाळीसेक शेजारी होते. पहाटे उठून ते सगळ्यांकडेच खत घालत फिरत असतील, कारण त्याचे त्यांनाही गुण मिळायचे. मी जिला मैत्री समजून बसले आहे ती कदाचित नुसती गुणांची वसुली असेल. याला माझ्याकडे उत्तर नाही. ‘लक्ष कुठे आहे?’ विचारताना त्यांच्या तोंडावर जे हसू होतं ते मी पाहिलं आहे, एवढंच सांगता येईल. आणि त्यावर ती म्हणेल, तेवढ्यासाठी खोटं अकाउंट काढणं बरोबर ठरतं का? नाही ठरत. मग खेळ सोडलास का? तोही नाही.

२०२०च्या ३१ डिसेंबरला ते मूळचं फार्मव्हिल बंद झालं. ते ज्यावर चालायचं त्या फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरचा आधार अडोबी कंपनीनं त्याच दिवशी काढून घेतला. लोकांनी जुन्या शेतांचे फोटो टाकले, गळे काढले. मी माझं आणि बाबांचं, दोन्ही अकाउंटं उघडली नाहीत. बाबांना सांगितलं, तो खेळ बंद झाला. त्यांनी विचारलं, ‘‘सगळ्यांचाच?’’ मी म्हटलं, सगळ्यांचाच. पुढे काही बोलले नाहीत.

आता गोळ्या फोडते, स्वतःच्या खऱ्या नावानं, एकाच अकाउंटवरून. काल रात्री एका जुन्या सहकारी बाईंनी लाइफ मागितली. एका अहवालावरून आमचं वाजलं होतं, त्याला पाच वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. पाठवली. दोन मिनिटांत त्यांच्याकडून एक परत आली. मग मी फोन ठेवून झोपले. म्हणजे, लगेच नाही. तीन लाइफ शिल्लक होत्या.