सोपोच्या पावत्या

मार्च २०२१. उच्च न्यायालयाने मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे आणि केपे या पाच पालिकांचं प्रभाग आरक्षण रद्द केलं आणि तिथलं मतदान लांबलं. मी बातमीदारी करत होतो त्या उत्तर गोव्यातल्या छोट्या पालिकेत मात्र ते २० मार्चलाच होतं. प्रत्येक उमेदवाराची ओळख लिहायचं काम माझ्याकडे होतं. शिक्षण काय, धंदा काय, निवडून आल्यावर पहिलं काय करणार.

गोव्यात पालिका निवडणूक पक्षाच्या चिन्हावर लढत नाहीत. पॅनेलं असतात, आणि कुठल्या पॅनेलमागे कोण आमदार ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे आश्वासनंही एकाच साच्यातली. तोवर भेटलेल्या बहुतेकांनी पहिली ओळ 'चोवीस तास पाणी' हीच दिली होती.

महिला राखीव प्रभागातल्या काकी कुठल्याच पॅनेलमध्ये नव्हत्या. शिक्षण नववी, वीस वर्षं बाजारात भाजी विकतात. मी सकाळी त्यांच्यापाशी गेलो तेव्हा त्या तांबड्या भाजीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होत्या. बाजूला अळसांद्यांची रास. मास्क हनुवटीखाली ओढून त्यांनी गोणपाटाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत सोपोच्या पावत्या होत्या. बाजारात बसायचं म्हणून पालिकेला रोज द्यावा लागणारा तो कर. वर्षावर्षाची चळत आबोलीच्या वळेसराच्या दोऱ्याने बांधलेली. जुन्या पावत्यांवरची शाई उडून नुसता शिक्क्याचा गोल उरला होता.

"इतके पैसे भरले," त्या म्हणाल्या, "आणि आम्हा बायकांना दिवसभरात लघवीला जायला जागा नाही. सकाळपासून मी पाणीच पीत नाही."

हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. माझी मान मात्र खाली गेली. या बाजारात मी किती वर्षं फिरत होतो.

त्यांची कामं तीनच. बाजारात बायकांसाठी शौचालय, मे संपायच्या आत गटारं उपसणं, आणि सोपोच्या पावतीवर छापील रक्कम. मी ती लिहून घेतली आणि सवयीने खाली 'नियमित पाणीपुरवठा' जोडलं. लिहिलेलं वाचून दाखव म्हणाल्या. पाण्याशी आलो तसं त्यांनी ओलं बोट वहीवर ठेवलं.

"तें काड रे पुता. उदक पालिकेच्या हातांत ना."

खरंच होतं. नळाचं पाणी तेव्हा सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होतं. रात्री मी ७४वी घटनादुरुस्ती काढून बसलो. बाराव्या अनुसूचीतल्या १८ विषयांत पाणीपुरवठा आहे, पण कुठले अधिकार पालिकांना द्यायचे ते राज्याने कायद्याने ठरवायचं. त्याच यादीत १७व्या क्रमांकावर पथदीप, बसथांबे यांच्यासोबत सार्वजनिक सोयी आहेत. म्हणजे काकींचं शौचालय तिथे होतं. इतकी वर्षं उमेदवारांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं छापत आलो होतो. हे काम तुमच्या हातात आहे का, एवढा प्रश्नही विचारला नव्हता. याची मला अजून खंत आहे.

दुसऱ्या दिवशी मी बाकीच्यांना पुन्हा फोन लावले. दोघांनी पाण्याची ओळ मागे घेतली. एकजण चिडला, त्याची तशीच गेली.

काकी थोड्या मतांनी पडल्या. निवडून आलेल्या नगरसेविकेची मी पहिली मुलाखत घेतली ती बाजारात, काकींच्या राशीसमोर उभं राहून. पहिला प्रश्न शौचालयाचा होता.