दारातली गन आणि आयटीआयची पोरं

मी अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत डिझाईनला आहे. शीट मेटल, ब्रॅकेट, फिक्स्चर, मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क, असं आमचं काम. मागच्या उन्हाळ्यात एका मोठ्या पार्टीकडून विचारणा आली की युटिलिटी (म्हणजे जवान-सामान नेणाऱ्या) हेलिकॉप्टरच्या दारात मशीनगन बसवायचा माउंट, म्हणजे गन धरणारा स्टँड, करायचाय, पण गन कुठली ते अजून फायनल नाही, तीन पर्याय आहेत, माउंटच्या बाजूनं कुठला बरा पडतो ते अभ्यास करून सांगा. खरी गन आमच्याकडं येणार नव्हतीच, वजनं-मापं कागदावर मिळणार आणि डमी आम्हीच करायच्या.

नाशिककरांना हेलिकॉप्टरचं काही अप्रूप नाही. गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग स्कूल आहे, उपनगर, नाशिकरोडच्या लोकांच्या डोक्यावरून चेतक-चीता जातच असतात, पोरं आता वर बघतपण नाहीत. पण त्याच्या दारात गन धरून बसलेल्या माणसाला काय काय करावं लागतं हे मला त्या कामाच्या निमित्तानं कळलं, आणि त्यातला एक दिवस तर असा गेला की तो लिहून ठेवावासाच वाटला.

आधी पर्याय काय होते ते सांगतो. पहिली ७.६२ एमएमची मॅग, मूळ बेल्जियमच्या एफएनची, आपल्या फौजेत एमएमजी (मीडियम मशीनगन) म्हणून कितीतरी वर्षं आहे, वजन १२ किलोच्या आसपास, मिनिटाला साधारण ६५० ते १००० गोळ्या. अमेरिकेच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरवर हिचीच बहीण एम-२४० असते, त्याआधी व्हिएतनामच्या ह्युईवर एम-६० होती. दुसरी मिनीगन, सहा नळ्यांची, इलेक्ट्रिक मोटरवर फिरणारी, मिनिटाला ३००० गोळ्या धरल्या तरी सेकंदाला ५०. तिसरी १२.७ एमएमची हेवी, म्हणजे जुन्या ब्राउनिंगच्या घराण्यातली एम-३एम, अमेरिकन नेव्ही जिला गाऊ-२१ म्हणते, नुसती गनच ३६ किलोच्या घरात आणि मिनिटाला हजाराच्या आसपास गोळ्या.

ऑफिसात तिघींच्या आकड्यांची शीट उघडून बसलो की मिनीगन जिंकायची. आमच्या मार्केटिंगच्या पोराला तर दुसरं काही दिसतच नव्हतं, आणि त्याचं अगदीच चूक होतं असं नाही, कारण हेलिकॉप्टर १०० नॉटनं चाललेलं असतं, खालचं टार्गेट क्षणभर दिसतं, तेवढ्यात जितक्या जास्त गोळ्या टाकता येतील तितकं बरं. शिवाय सहा नळ्यांत उष्णता वाटली जाते, आणि एखादी गोळी फुटली नाही तरी मोटर तिला फेकून पुढं जाते, गन अडत नाही. हे खरे फायदे आहेत.

मग आमच्या साहेबांनी देवळाली कॅम्पकडं राहणाऱ्या एका सुभेदार साहेबांना बोलावलं, हेलिकॉप्टरवर क्रू म्हणून बरीच वर्षं काढलेले, आता रिटायर. मी लॅपटॉप त्यांच्यापुढं केला तर त्यांनी गोळ्यांचा कॉलम बघितलासुद्धा नाही. म्हणाले, "उतरणार किती जण?" मी म्हटलं, साहेब, आपण गन निवडतोय. तर म्हणाले, "तेच तर विचारतोय. त्यांच्यासाठीच गन आहे ना?"

शेडमध्ये आम्ही अँगल आणि प्लायवूडचं दार उभं केलेलं होतं, पार्टीनं दिलेल्या मापाचं, आत केबिनचा फ्लोअर, शेजारी पुठ्ठ्याची टेलबूम, म्हणजे हेलिकॉप्टरची शेपटी. आमच्या वेल्डर मामांनी तिन्ही गनच्या डमी पाइप आणि एमएस बारच्या केल्या होत्या, वजनाला बरोबर, गोळ्यांच्या डब्यात वाळू. ते वाळूचं गणित एकदा बघाच. ७.६२ ची एक गोळी लिंकसकट (गोळ्या एकमेकींना जोडून बेल्ट करणारी पत्र्याची कडी) २५-३० ग्रॅम धरा, ६०० गोळ्या म्हणजे १६-१७ किलो झाले. १२.७ ची एक गोळी लिंकसकट १३० ग्रॅमच्या वरच, तेवढ्याच ६०० गोळ्यांचे ८० किलोच्या जवळ गेले. मिनीगनची गोळी बारीक आहे पण ती खाते किती, १५०० गोळ्या म्हणजे ४० किलो आणि ट्रिगर दाबून ठेवला तर ३० सेकंदात डबा रिकामा. दोन्ही दारांचं धरा, त्यात माउंट, त्यात दोन गनर त्यांच्या जॅकेट-हेल्मेटसकट, आणि मग वर लडाखसारख्या उंचीवर जिथं हवा पातळ आणि प्रत्येक किलोला भांडावं लागतं तिथं हेच हेलिकॉप्टर न्या. हेवी गन दोन्ही बाजूला लावली तर दोन-तीन जवानांच्या जागा नुसत्या गोळ्या आणि लोखंडात जातात.

सुभेदार साहेबांनी आमच्या आयटीआयच्या अप्रेंटिस पोरांना बोलावलं, पाठीवर सॅक द्या म्हणाले, सॅकमध्ये वाळूच्या पिशव्या भरल्या, हातात रायफलच्या लांबीचे पाइप दिले. मोठा ब्लोअर आणून दारावर लावला. मग पोरांना आत बसवलं आणि म्हणाले, मी ओरडलो की उतरायचं आणि पसरायचं, थांबायचं नाही. आधी हेवीची डमी दाराच्या मधोमध. पहिला पोरगा कसातरी निघाला, दुसऱ्याची सॅक माउंटच्या आर्मला अडकली, तिसरा त्याच्यावर आदळला, आणि मागचे आतच उभे राहिले. शेडमधले सगळे हसायला लागले. सुभेदार साहेब हसले नाहीत. त्यांनी ब्लोअर बंद करायला लावला आणि सगळ्यांना जवळ बोलावून जाफन्याची गोष्ट सांगितली. ऑक्टोबर १९८७, श्रीलंकेत आपल्या फौजेचं ऑपरेशन पवन, जाफना युनिव्हर्सिटीच्या मैदानावर रात्री एमआय-८ मधून आपले जवान उतरवत होते, खालून जोरदार फायर, पुढच्या फेऱ्या येऊच शकल्या नाहीत, १३ शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जवान तिथं एकटे पडले आणि त्यातले २९ गेले. "हेलिकॉप्टर जमिनीजवळ येऊन हळू होतं तेव्हा ते सगळ्यात सोपं टार्गेट असतं," ते म्हणाले, "त्या वेळात समोरच्याची मान खाली ठेवायची, एवढंच दारातल्या गनचं काम. आणि तीच गन जर दार अडवून बसली तर काय उपयोग?" पोरं पुन्हा आत जाऊन बसली, कुणी सांगायच्या आधी.

त्यानंतर मॅगची डमी लावली, पण दाराच्या मधे नाही, पुढच्या कडेला, आणि आर्म असा की पोरं निघायच्या वेळी गन पुढं ढकलून फ्रेमला लागून ठेवता येईल. ब्लॅक हॉकला गनरसाठी दाराच्या पुढं वेगळी खिडकीच असते, मोठं दार जवानांसाठी मोकळं, ते डोकं किती बरोबर चाललंय हे त्या दिवशी शेडमध्ये उभं राहून समजलं. ह्यावेळी पोरं पटापट बाहेर पडली.

मग सुभेदार साहेब स्वतः गनमागं बसले. ब्लोअर चालू, आणि त्यांनी एकेक करून आमच्या डिझाईनच्या सगळ्या अडचणी हातानं दाखवल्या. गोळ्यांचा बेल्ट डब्यातून गनपर्यंत उघडा येत होता, तो वाऱ्यात फडफडायला लागला, म्हणाले खरा वारा ह्याच्या कितीतरी पट, बेल्ट पिळला की गन अडली, डबा गनलाच हवा किंवा मधे बेल्ट आतून नेणारी बंद नळी हवी. त्यांचा सेफ्टीचा पट्टा बेअरिंगच्या नटला अडकत होता. जाड हातमोज्यात लॉकची पिन पकडता येत नव्हती.

नंतर मामांनी डमीच्या नळीवर लेझर पॉइंटर बांधला आणि सुभेदार साहेब गन चारी बाजूंना फिरवायला लागले, तर लाल ठिपका मागं पुठ्ठ्याच्या टेलबूमवर गेला, खाली चाकावर गेला, आणि वर रोटरसाठी, म्हणजे डोक्यावरच्या पंख्यासाठी, खूण म्हणून आम्ही बांधलेल्या दोरीच्याही वर गेला. ह्यासाठी माउंटला स्टॉप लागतात, म्हणजे नळी ठराविक कोनाच्या पुढं जाऊच नये, कारण टार्गेटवर डोळा लावलेला माणूस आपलीच शेपटी मधे आली हे बघत नाही. आणि रोटर उडताना एका जागी राहत नाही, हेलिकॉप्टर कलतं तसं त्याचं ताट कलतं, म्हणून उभ्या हेलिकॉप्टरवर मोजून स्टॉप लावणं चालत नाही, भरपूर मार्जिन ठेवावी लागते.

नेम धरायचं तर त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं, आणि मी तिथंच कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. हेलिकॉप्टर १०० नॉटनं म्हणजे सेकंदाला ५१ मीटरनं पुढं चाललंय, गोळी बाजूला मारली तरी तिच्यात तो पुढचा वेग असतोच, मग ५०० मीटरवर ती साधारण ३० मीटर पुढं जाऊन पडते. म्हणजे नेम टार्गेटच्या मागं धरायचा, जमिनीवरच्या सवयीच्या बरोबर उलटा. त्यात गोळी स्वतःभोवती फिरत असल्यामुळं उजव्या दारातून मारलेली जरा खाली जाते आणि डाव्या दारातून मारलेली जरा वर. हे सगळं आकडेमोड करून होत नाही, ट्रेसर (जाताना चमकणाऱ्या गोळ्या) बघत बघत हात सरकवतात, आणि म्हणूनच हाताला हलकी, सवयीची गन असणं किती महत्त्वाचं ते मला पटलं. मॅग जवान जमिनीवरही वापरतो, उघडून साफ करतो, अंधारातही. शिवाय ती स्वतःच्या गॅसवर चालते, मिनीगनसारखी २८ व्होल्टची लाइन लागत नाही. वीज गेली की मिनीगन थांबली.

चहाच्या वेळी आमच्या साहेबांनी विचारलं की मग हेवी गन वाईटच का? सुभेदार साहेब म्हणाले तसं नाही, समुद्रावर तीच पाहिजे. बोटीवर लांबून मारायचंय, खाली कुणाला रांगेनं उतरवायचं नाही, तिथं १२.७ ची लांब पल्ल्याची ताकद कामाला येते. कोस्ट गार्डच्या ध्रुव मार्क-३ वर मशीनगन आहे, आणि आपल्या नेव्हीनं २०२० मध्ये २४ एमएच-६०आर हेलिकॉप्टरं घेतली त्या सौद्याच्या यादीत एम-२४० आणि गाऊ-२१ दोन्ही होत्या.

मी त्यात एक उदाहरण घातलं जे मला फार बोलकं वाटतं. आपलं चेतक म्हणजे फ्रेंच अल्युएट-३, एचएएलनं लायसन्सवर बनवलेलं. ह्याच हेलिकॉप्टरवर १९७० च्या दशकात ऱ्होडेशियानं (आताचं झिम्बाब्वे) २० एमएमची तोफ डाव्या दारात बसवली, त्याला के-कार म्हणायचे. मारा जबरदस्त, पण मग त्यात पायलट, गनर आणि एक कमांडर एवढेच, जवान न्यायला हलक्या मशीनगनवाली दुसरी अल्युएट लागायची, तिच्यात चार-चार जण. म्हणजे एवढी मोठी गन लावली की ते युटिलिटी हेलिकॉप्टर राहत नाही, दुसरंच काहीतरी होतं. त्यातही काही चुकीचं नाही, पण मग तसं ठरवून घ्यायला पाहिजे, नुसता शीटमधला आकडा मोठा दिसला म्हणून नाही.

संध्याकाळी फ्रेमचा विषय निघाला. १२.७ ची गोळी चाळीसेक ग्रॅमची, सेकंदाला १६-१७, हिशोब केला तर सरासरी मागचा धक्का हजार न्यूटनच्या आसपास येतो, म्हणजे शंभर किलोचा माणूस माउंटला सतत रेटतोय, आणि झटके त्याहून जास्त. फ्लोअरचं पॅनल हे सहन करणार नाही, लोड थेट मुख्य फ्रेमवर न्यावं लागतं आणि मधे धक्का गिळणारा माउंट लागतो, त्याचं वजन परत वेगळं. मॅगला हे सगळं कितीतरी हलक्यात भागतं.

रिपोर्ट मी त्याच आठवड्यात लिहिला. दोन्ही दारांना पुढच्या कडेला ७.६२ ची मॅग, बाजूला सरकणारा आर्म, फ्रेमवरचे पॉइंट मात्र सुरुवातीपासूनच हेवीचं लोड घेतील असे, म्हणजे समुद्रावरच्या कामासाठी एका बाजूला १२.७ लावायची झाली तर हेलिकॉप्टर कापावं लागणार नाही. मिनीगन नाही, कारणं सगळी लिहिली, गोळ्यांचे किलो आणि तिच्यापायी कमी होणारे जवान असा कॉलम सगळ्यात आधी टाकला. मार्केटिंगच्या पोरानंच तो कॉलम वर घ्यायला सांगितला, त्यानं त्या दिवशी सॅक घालून उडी मारली होती.

पार्टीचे लोक येऊन प्लायवूडचं दार बघून गेले, अप्रेंटिस पोरांनी त्यांना सगळं करून दाखवलं. त्यांनी रिपोर्ट मान्य केला आणि पुढचं काम दिलं, गोळी सुटल्यावर उरणाऱ्या रिकाम्या केस (पुंगळ्या) आणि लिंक गोळा करायची पिशवी, कारण त्या बाहेर उडाल्या तर टेल रोटरला, म्हणजे शेपटीवरच्या पंख्याला, लागू शकतात. गरम केसनं वितळणार नाही आणि वाऱ्यानं तोंड मिटणार नाही असं कापड शोधतोय, मामांनी तोंडाला स्प्रिंग स्टीलची रिंग करून दिलीय, सुभेदार साहेब शनिवारी येऊन बघणार आहेत.